लिहित्या मुलांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. वर्गातला निबंध पंधरा मिनिटांत संपवते आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसते. घरी तीन वह्या भरून गोष्टी लिहिल्यात, पण एकही पुरी नाही. सुट्टीत लेखन शिबिराला घालू का?
– एक आई, मुलुंड

उत्तर : घाला, पण आधी त्या तीन वह्या शांतपणे वाचा. अशा वह्यांत बहुधा एकच चित्र दिसतं. सुरुवात झोकदार, पहिल्याच पानावर दहा-बारा पात्रं, एक राज्य, एक शाप आणि चौथ्या पानावर गाडी अडलेली. चिकाटी कमी असते असं नाही. कल्पना कादंबरीएवढी असते आणि हाताशी वेळ असतो जेवणाआधीचा अर्धा तास.

म्हणून माप छोटं द्या : एक जागा, दोन माणसं, वीस मिनिटांचा प्रसंग, तीनशे शब्द. जागा तिने रोज पाहिलेली हवी, म्हणजे शाळेची बस, रेशनचं दुकान, सोसायटीची लिफ्ट. दोघांपैकी एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा ते देत नाही, एवढं ठरलं की गोष्ट चालायला लागते. शेवटचं वाक्य आधीच कागदाच्या तळाशी लिहून ठेवायला सांगा. कुठे पोचायचं ते दिसत असलं की मधला रस्ता सापडतो.

त्यानंतरचं काम म्हणजे पुन्हा लिहिणं, आणि हुशार मुलांना नेमकं तेच जड जातं. पहिल्या फटक्यात लिहिलेल्यावर त्यांना कायम ‘उत्तम’ असाच शेरा मिळालेला असतो. गोष्ट तीन दिवस मिटून ठेवावी. मग मोठ्याने वाचावी, जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. शेवटी एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारावं : हे मी पाहिलंय, की कुठे वाचलंय?

उदाहरणार्थ, ‘धो धो पाऊस पडत होता आणि सगळीकडे आनंदीआनंद पसरला होता’ हे वाक्य कुठल्याही गावचं कुठलंही मूल लिहील. त्याऐवजी हे पाहा : ‘पुलाखालच्या मावशींनी गजऱ्यांच्या टोपलीवर प्लास्टिक ओढलं आणि स्वतः तशाच भिजत बसल्या.’ यात पाऊस हा शब्दही नाही, तरी पाऊस दिसतो आणि मावशीही कळतात.

शिबिर निवडताना एकच प्रश्न विचारा : मुलांचं लेखन कोणी वाचून, खुणा करून, पुन्हा लिहायला परत देतं का? एका गटात वीसहून जास्त मुलं असतील तर ते होत नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत, मराठी माध्यमात. कविता आणि लेख लिहितो. शाळेच्या फळ्यापलीकडे कुठे पाठवता येईल?
– एक वडील, लालबाग

उत्तर : पहिलं नाव ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. पाठवण्याआधी त्यातले पाच-सहा अंक त्याने वाचावेत. मासिकाचा घाट न बघता पाठवलेलं लेखन चांगलं असूनही परत येतं.

दुसरी वाट टपाल खात्याची, आणि ती फार कमी पालकांना ठाऊक असते. ‘ढाई आखर’ या पत्रलेखन स्पर्धेत अठरा वर्षांपर्यंतचा वेगळा गट असतो आणि मराठीत लिहिलेलं चालतं. आंतरदेशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत, किंवा ए-४ कागदावर लिहून लिफाफ्यात घातल्यास १००० शब्दांपर्यंत. पत्र हातानेच लिहायचं, टाइप केलेलं बाद होतं. वयाचा दाखला म्हणून ठरलेलं एक वाक्य पत्रात लिहावं लागतं. ते विसरल्यामुळे चांगली पत्रं बाद होतात, तेव्हा नियमांचा कागद समोर ठेवूनच लिहा. जागतिक टपाल संघाचीही ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी पत्रलेखन स्पर्धा असते, तीही १९७१ पासून. विषय दोन्हींचा दरवर्षी बदलतो. मोठ्या टपाल कार्यालयात चौकशी करा. मुलं इथे एक चूक हमखास करतात : वर ‘प्रिय’ आणि खाली सही टाकून मधे सरळ निबंध लिहितात. पत्र एका माणसाला लिहिलेलं असतं. त्या माणसाला आधीपासून काय माहीत आहे आणि काय नाही, हे ठरवल्यावरच पहिली ओळ लिहावी.

दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच ठरतं, हे लक्षात ठेवा. गणपतीनंतर पाठवलेली कविता बहुधा पुढच्या वर्षाची.

पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहावं. नाव, इयत्ता, पत्ता वेगळ्या कागदावर, आणि घरी एक झेरॉक्स. एकच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. आणि एक कळकळीची विनंती : तुम्ही स्वतः दुरुस्त्या करू नका. चौदा वर्षांच्या मुलाच्या कवितेत चाळिशीतला शब्द आला की संपादकाला पहिल्या कडव्यातच कळतं. मोबाइलकडून लिहून घेतलेलंही तसंच कळतं.

प्रश्न : माझ्या वर्गात साठ मुलं. त्यातली सहा-सात खरोखर चांगली लिहितात. खर्चाला पैसे नाहीत, तासिकाही नाही. काय करता येईल?
– एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : बाई, सात हा उत्तम आकडा आहे. आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं पुरतात. दर वेळी दोघांचंच लेखन घ्यायचं. लेखन दुसऱ्या मुलाने वाचून दाखवायचं आणि लिहिणाऱ्याने तोवर गप्प बसायचं. स्वतः वाचताना मुलं आवाजाने कच्च्या जागा झाकतात, दुसरा वाचताना त्या उघड्या पडतात. मग प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या : कुठली ओळ लक्षात राहिली आणि कुठे काही कळेनासं झालं. ‘छान’ आणि ‘बोअर’ या दोन्ही शब्दांना बंदी. पहिले दोन-तीन आठवडे मुलं अवघडतील, एकमेकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतील. ती चर्चा तिथेच थांबवा, ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या प्रतीत बघता येतात.

वर्षअखेर हस्तलिखित काढा. बत्तीस पानं, एकच प्रत. संपादन मुलांनीच करायचं, चित्रं आणि अक्षर यांसाठी वर्गातल्या बाकीच्यांना घ्यायचं. जूनमध्ये सुरुवात केलीत तर २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला ते ठेवता येतं. जानेवारीत सुरू केलं तर चित्रांची पानं रिकामी राहतात.

प्रश्न : नातू इंग्रजी माध्यमात, सहावीत. गोष्टी इंग्रजीतच लिहितो. मराठीकडे वळवावं का?
– एक आजी, गिरगाव

उत्तर : ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत लिहू द्या, आजी. पण एक काम त्याला द्या. तुम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करता किंवा शेजारणीशी जिन्यात बोलता, तेव्हा त्याने पाच मिनिटं शेजारी उभं राहायचं आणि घरी येऊन तेच बोलणं जसंच्या तसं मराठीत उतरवायचं. शुद्धलेखन तूर्त बघू नका. महिन्यातून एखादा शनिवार त्याला ग्रंथालयात न्या. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. पुस्तक त्याला स्वतःला निवडू द्या, पातळ निवडलं तरी चालेल.