प्रसूतीची पद्धत चिठ्ठी टाकून ठरवणे अनैतिक आहे का?

वैद्यकीय संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून नव्याने नेमणूक झाल्यावर आपण विचारले आहे की, सिझेरियन की नैसर्गिक प्रसूती, हे गर्भवतीच्या बाबतीत चिठ्ठी टाकून ठरवणारा अभ्यास मुळातच नाकारायला हवा का. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोणता मार्ग अधिक सुरक्षित, याबद्दल तज्ज्ञांमध्येच खरा मतभेद असेल, तर अशी विभागणी न्याय्य ठरते, ही भूमिका वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये मांडली आणि ती आजही आधारभूत मानली जाते. खरी अडचण चिठ्ठीत नसून, निकाल कशाला म्हणायचे आणि तो कधी मोजायचा, यात आहे.

पूर्ण दिवस भरलेल्या पायाळू बाळांवरील २००० सालचा आंतरराष्ट्रीय अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मेरी हॅना यांच्या नेतृत्वाखाली २६ देशांतील १२१ केंद्रांमध्ये २०८८ स्त्रियांची विभागणी झाली. नियोजित सिझेरियनच्या गटात बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा १.६ टक्के, तर नियोजित नैसर्गिक प्रसूतीच्या गटात ५ टक्के आढळली. मूळ बेत २८०० स्त्रियांचा होता. पण अंतरिम आकडे पाहिल्यावर नवीन नोंदणी थांबवण्यात आली. एवढा फरक दिसत असताना पुढच्या स्त्रियांना चिठ्ठीच्या हवाली करणे कोणालाही पटले नसते, आणि तो निर्णय त्या क्षणी योग्यच होता असे मला वाटते.

मात्र दोन वर्षांनी त्यांतील काही केंद्रांमधल्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा मृत्यू किंवा विकासातील विलंब यांचे प्रमाण सिझेरियनच्या गटात ३.१ आणि नैसर्गिक प्रसूतीच्या गटात २.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखे निघाले. तोवर अनेक देशांतील प्रसूतिगृहांनी पायाळू बाळासाठी सिझेरियन हाच नियम करून टाकला होता. नव्या डॉक्टरांना पायाळू बाळ खालून सोडवण्याचा सराव मिळेनासा झाला, आणि तो हात नसेल तर हा अभ्यास पुन्हा प्रामाणिकपणे करणेही अवघड, कारण अननुभवी डॉक्टरांच्या हातून झालेल्या नैसर्गिक प्रसूतीशी केलेली तुलना ही पद्धतींची तुलना राहत नाही. काही केंद्रांमधील डॉक्टरांच्या अनुभवाबद्दल मूळ अभ्यासावरही असेच आक्षेप घेतले गेले होते.

आईच्या बाजूचा हिशेब तर आणखी लांबचा असतो. गर्भाशयावरील व्रणामुळे पुढच्या खेपेस वार (गर्भाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) खाली किंवा खोलवर रुजण्याचा धोका वाढतो, आणि सिझेरियनची संख्या वाढेल तसा तोही वाढत जातो; पण काही आठवड्यांत संपणाऱ्या अभ्यासाच्या तक्त्यात त्याला जागाच नसते. तिसरे मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी आणि कुटुंब पूर्ण झालेल्या स्त्रीसाठी तोच निकाल वेगळा अर्थ सांगतो.

डोके खाली असलेल्या निरोगी गर्भाच्या बाबतीत मात्र माझे मत कडक आहे. वैद्यकीय कारण नसताना शस्त्रक्रियेचा धोका चिठ्ठीने लादण्याला समर्थन देणे फार कठीण आहे. कॉक्रेन या संस्थेच्या, उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या आढाव्यात असा एकही अभ्यास सापडला नव्हता, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तेव्हा प्रस्ताव हाती आला की, संमती कधी घेणार हे आधी विचारा. कळा सुरू झालेल्या स्त्रीसमोर कागद ठेवून घेतलेली सही मी तरी संमती मानणार नाही. ही चर्चा प्रसूतिपूर्व तपासणीत, सासूबाई किंवा नवरा मध्ये न बोलता, तिच्या भाषेत व्हायला हवी. नैसर्गिक प्रसूतीच्या गटात ठेवलेल्यांपैकी अनेकींचे अखेरीस सिझेरियनच होऊ शकते, हेही तिला सांगितले पाहिजे. पायाळू बाळांच्या त्या अभ्यासात अशा स्त्रिया सुमारे ४३ टक्के होत्या. मग पुढच्या गरोदरपणापर्यंत पाठपुरावा करण्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का ते पाहा. ती नसेल, तर प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.