जुन्या बुलेटचा पुढचा ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवावी का?

आधी आहे तो ड्रम दुरुस्त करा. डिस्कचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1992 ची बुलेट 350 आहे, निपाणी-बेळगाव ये-जा असते, पुढचा ब्रेक नुसता नावाला लागतो आणि गॅरेजवाला डिस्क बसवा म्हणतोय. तर बसवावी का, खर्च किती येईल, आणि पासिंगला अडचण येईल का, असे तीन प्रश्न आहेत तुमचे. पहिल्यावरच जास्त लिहिणार आहे, कारण ह्याच विषयावरून आमच्या घरात दोन वर्षं वाद चाललाय.

मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर (वस्तू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) काम करतो. माझी गाडीही वडिलांचीच, 1996 ची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. पुढच्या ब्रेक प्लेटवर, म्हणजे ड्रमच्या झाकणावर, दोन लीव्हर आहेत आणि ते एका दांडीने जोडलेले आहेत. तुमच्या गाडीला एक लीव्हर आहे की दोन, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि खरं तर सगळ्यात आधी तेच बघायला पाहिजे. एक लीव्हर असेल तर एकच शू (ड्रमला आतून घासणारा अर्धगोल तुकडा) ड्रमच्या फिरण्याबरोबर ड्रमकडे ओढला जातो, दुसरा ड्रमपासून मागे ढकलला जातो. दोन असतील तर दोन्ही शू ओढले जातात, म्हणून तो ब्रेक बराच जोरदार असतो. अर्थात दोन्ही शू एकाच क्षणी टेकले तर. आणि आपल्याकडच्या दहातल्या नऊ गाड्यांमध्ये ते एकाच क्षणी टेकत नाहीत, कारण ती जोडदांडी कोणी जुळवतच नाही. मिस्त्री केबल ताणून देतो, हातातला लीव्हर घट्ट झाला की झालं काम. प्रत्यक्षात एक शू सगळा भार घेतो आणि दुसरा नुसता बसून राहतो.

आता आमच्या घरातला वाद. आमचे दाजी निपाणीला असतात. त्यांचीही बुलेट आहे, माझ्यापेक्षा थोडी जुनी, आणि त्यांनी तिला डिस्क बसवून घेतलीय. एकदा पावसाळ्यात आम्ही दोघं आपापल्या गाड्या घेऊन गोव्याहून चोर्ला घाटाने परत येत होतो. माझ्या मागे मावसभाऊ बसला होता, बॅगा बांधलेल्या होत्या. एका वळणावर समोरचा ट्रक अडकला म्हणून चढावर थांबावं लागलं. रस्ता शेवाळलेला, दोन्ही पाय टेकणं भाग होतं, म्हणजे मागचा ब्रेक सुटलेला. पुढचा पूर्ण दाबून धरला तरी गाडी हळूहळू मागे सरकायला लागली. मावसभाऊ उतरला, गाडी थांबली, कोणाला काही झालं नाही. पण दाजी मागून बघत होते. कणकुंबीला चहाला थांबलो तिथे सुरू झाले, "अरे तुझा ब्रेक लागतोय तरी का? गप डिस्क बसीव." घरी आल्यावर जेवताना सगळ्यांसमोर तेच. आई घाबरली, बायको घाबरली. ताई म्हणाली गाडी विकून टाक.

दाजी काय विसरतात ते सांगतो. दोन लीव्हरवाला ब्रेक पुढे जाताना जेवढा जोरात धरतो, तेवढाच तो मागे सरकताना कमजोर असतो. चाक उलटं फिरायला लागलं की तेच दोन्ही शू ड्रमकडे ओढले जायच्या ऐवजी ड्रमपासून लांब ढकलले जातात. हा दोष नाही, त्या ब्रेकचा स्वभाव आहे. जगात जिथे जिथे असा ब्रेक आहे तिथे तो चढावर असाच वागतो, कोऱ्या गाडीलाही. चढावर थांबायचं असेल तर गाडी मागच्या ब्रेकवर धरायची. आणि घाटात ब्रेकची खरी परीक्षा चढताना होत नाही, उतरताना होते. उतरताना मला कधी भीती वाटली नव्हती. पण वाद तोंडाने मिटत नाही म्हणून मी गाडी कारखान्यात नेली.

आमचे वस्ताद जुने टर्नर आहेत, हाताखाली शेकडो माणसं तयार झालीत. ते म्हणाले, "आधी ड्रम बघूया, मग काय ते ठरवूया." चाक काढून डायल (गोलाई मोजायचं सुईचं माप) लावला तर सुई तीन दशांश मिलिमीटर हलली. ड्रम अंडाकृती झाला होता. ह्याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं: स्पोक कमी-जास्त ताणले गेले की ते हबला ओढतात आणि हबबरोबर ड्रमही वाकतो. म्हणून स्पोक आवळून, रिम सरळ करून मगच ड्रमला कट मारायचा, म्हणजे लेथवर आतून कापून गोल करायचा; ह्यालाच टर्न करणं म्हणतात. आधी ड्रम टर्न करून नंतर स्पोक ताणले तर केलेलं काम वाया जातं.

टायर-ट्यूब उतरवली तरी 19 इंची रिमचं चाक लहान लेथवर बसत नाही. आमच्याकडे गॅप बेडचा लेथ आहे, त्याच्या बेडचा एक सुटा तुकडा काढला की मोठं काम बसतं. बेअरिंग काढून त्यांच्या जागेत नेमका बसेल असा मँड्रेल (चाक धरायचा दांडा) मी स्वतः केला, कारण चाक बेअरिंगवर फिरतं, रिमवर नाही. सेंटर तिथूनच घ्यायला हवा. जी माणसं रिम चकमध्ये धरून ड्रम टर्न करतात त्यांच्याकडे चाक देऊ नका. वस्तादांनी रिमभोवती जुनी ट्यूब आवळून बांधायला लावली. स्पोकचं चाक लेथवर थरथरतं आणि ड्रमच्या आत बारीक लाटा उठतात. ट्यूब ती थरथर पिऊन टाकते. मग अगदी हलके कट. जेवढ्याने गोल होईल तेवढंच काढायचं, एक केसभरही जास्त नाही, कारण ड्रमचं लोखंड परत येत नाही.

ड्रम मोठा झाला म्हणजे जुने शू आता त्याला पूर्ण टेकणार नाहीत. म्हणून शूवर जाड लायनर (शूवरचा घासणारा थर) लावून घेतले, रिव्हेटची डोकी लायनरच्या चांगली आत बसलीत ना ते तपासलं. मग शू ब्रेक प्लेटवर चढवून, कॅम (लीव्हरने फिरून शू फाकवणारा तुकडा) आणि शूच्या मध्ये पातळ पत्र्याची पट्टी ठेवून, ती अख्खी प्लेट लेथवर धरली आणि लायनर ड्रमच्या मापाला टर्न केले. पट्टी काढली की शू जरासे आत बसतात आणि चाक मोकळं फिरतं, पण ब्रेक दाबला की लायनर टोकापासून टोकापर्यंत टेकतो. बाजारातून आणलेला शू तसाच बसवला तर तो मधेच कुठेतरी टेकतो, आणि लोक म्हणतात ड्रम ब्रेकच वाईट. लायनरच्या ज्या कडेला ड्रम आधी भिडतो ती कड कानशीने थोडी उतरवली, नाहीतर ब्रेक चावतो आणि किंचाळतो.

मग जोडदांडी. एका बाजूची पिन काढायची, दोन्ही लीव्हर हाताने वेगवेगळे फिरवून शू टेकेपर्यंत आणायचे, आणि त्या स्थितीत पिन अलगद आत पडेल एवढी दांडीची लांबी करायची. एवढंच. ह्याला पैसे लागत नाहीत, पाना लागतो. तुमच्या गाडीला दोन लीव्हर असतील तर आज संध्याकाळीच हे करून बघा, अर्धा प्रश्न इथेच सुटेल. शेवटी नवी केबल, कुठेही मुरड न पडता नेलेली. ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि ब्रेक प्लेटवरचा लीव्हर यांचा कोन काटकोनाच्या जवळ हवा. लीव्हर त्याच्या पुढे गेला असेल तर शू झिजलेत असं समजा.

पहिल्या दिवशी ब्रेक मऊच लागला. नवे लायनर बसायला काही दिवस रोजची धाव लागते, तोवर घाटात जायचं नाही. नंतर मी वंटमुरी घाट उतरलो, तवंदी घाट उतरलो, चोर्ला दोन माणसं घेऊन उतरलो. दोन बोटांत गाडी थांबते. दाजींना चालवायला दिली तर म्हणाले, "आता बरा आहे, पण डिस्क ती डिस्क."

म्हणून आता त्यांच्या डिस्कबद्दल. डिस्कला माझा विरोध नाही. डिस्क तापली तर हातातल्या लीव्हरचा प्रवास वाढत नाही, ड्रम तापला की तो फुगून शूपासून लांब जातो. पाणी शिरलेला ड्रम वाळायला वेळ घेतो, डिस्क दोन वेळा दाबली की वाळते. हे मान्य. पण दाजींनी जी बसवलीय ती तीन गाड्यांचं सामान गोळा करून. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडनी दाबणारा भाग) एका गाडीचा, मास्टर सिलिंडर (हँडलवरून ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) दुसऱ्या गाडीचा, आणि कॅलिपर धरायचा कान जुन्या फोर्कला वेल्डिंग करून. आपल्या भागात असं काम करून देणारे पुष्कळ आहेत. मास्टरच्या पिस्टनचं माप आणि कॅलिपरच्या पिस्टनचं माप यांचा हिशेब असतो. मास्टर लहान पडला तर लीव्हर मुठीपर्यंत येतो, मोठा पडला तर दगडासारखा घट्ट लागतो आणि गाडी थांबत नाही. दाजींचा लीव्हर मुठीपर्यंत येतो आणि ते म्हणतात ऑइलच्या नळीतली एअर काढली की होईल. कितीतरी वेळा एअर काढली. एअर नाहीच आहे त्यात, माप चुकलंय.

आणि तो कान. 280 मिलिमीटरची डिस्क धरली तर पॅड जिथे घासतात ते अंतर मध्यापासून साधारण 12 सेंटिमीटर. टायर रस्त्याला टेकतो ते 32 सेंटिमीटर. म्हणजे टायरवर जेवढा जोर येतो त्याच्या अडीच पटीपेक्षा जास्त जोर त्या कानावर येतो, प्रत्येक वेळी, आणि तो सगळा एका वेल्डिंगच्या टाक्यावर. ह्या विषयावर मी दाजींशी आवाज चढवून बोललोय आणि परत बोलेन. ताई त्या गाडीवर मागे बसते.

डिस्क बसवायचीच असेल तर अख्खा पुढचा भाग एकाच डिस्कवाल्या बुलेटचा घ्या: फोर्क, हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर, होज, सगळं. कंपनीने ते एकमेकांसाठी केलेलं असतं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, जुनी घेताना ती मोजून घ्या. होज नवीन. ब्रेक ऑइल मास्टरच्या झाकणावर लिहिलेलंच, बहुतेक डॉट 4, आणि दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. कोरं ऑइल 230 अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं 155 च्या आसपास. लांब उतारावर हा फरक जिवावर बेततो. कणकुंबी-जांबोटीकडचा पावसाळा बघितलाय ना तुम्ही.

खर्चाचं: ड्रमचं काम डिस्कच्या एका छोट्या हिश्श्यात होतं. डिस्कचा खर्च जुनं सामान कुठून मिळतं ह्यावर आहे. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी तिन्हीकडे विचारा, फरक पडतो.

पासिंगचं: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागणारच. निपाणीचं पासिंग चिकोडीला, केए 23. काम करायच्या आधी तिथे जाऊन विचारा, एजंटाला नको. आणि जुन्या गाडीला आता एबीएस लागतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, एप्रिल 2019 चा तो नियम नव्या गाड्यांसाठी आहे.

राहिलेल्या गोष्टी. तुमचा ड्रम आधीच कोणी दोन-तीनदा टर्न केलेला असेल किंवा आत तडा दिसला तर माझं वरचं सगळं विसरा आणि हब बदला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ हवेच्या पाईपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पुढचा टायर कडक झालेला असेल तर कुठलाच ब्रेक उपयोगाचा नाही. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नका, इंजिन बंद करून तर नाहीच. तिसऱ्या गिअरमध्ये बुलेटचं इंजिन स्वतःच गाडी धरतं. आणि रोज दोन माणसं आणि ओझं घेऊन चोर्ला किंवा आंबोली उतरत असाल तर मीही तुम्हाला डिस्कच सांगेन, पूर्ण पुढच्या भागासकट.

दाजी, हे उत्तर मी ताईलाही पाठवतोय. रविवारी कारखाना बंद असतो पण वस्तादांनी किल्ली द्यायचं कबूल केलंय. तुमचं पुढचं चाक आणि फोर्क सोडवून घेऊन या. तो कान कापून टाकू आणि योग्य फोर्क मिळेपर्यंत तुमचा जुना ड्रम टर्न करून देतो, ताईने तो माळ्यावर जपून ठेवलाय.