पोरांनी मिसळ बाजूला सारली, आता?

प्रश्न: ताई, आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची. जुलैमध्ये नाशिकला सासरी आलो होतो. नवरा सिडकोत वाढलेला. विमानात बसल्यापासून त्याचं एकच पालुपद, 'पोरांना खरी मिसळ खायला घालायची.' दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्यांना गाडीत घालून घेऊन गेला. मुलीने एक घास खाल्ला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुलाने नुसता पापड खाल्ला. संध्याकाळी दोघांनी बर्गर मागितला, तेव्हा सासरे म्हणाले, 'संस्कारच नाहीत, दुसरं काय.' नवरा चिडला नाही, पण तेव्हापासून गप्प गप्प आहे. पुढच्या वर्षी परत यायचंय. काय करू?

उत्तर: आधी नवऱ्याला एक गोष्ट विचारा. त्याला पहिली मिसळ कुणी खायला घातली? आईने? बाबांनी? बहुतेक तो म्हणेल, 'छे, आम्ही मित्रमित्रच गेलो होतो.' तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

आपल्या पिढीच्या आठवणीतलं बाहेरचं खाणं हे आईबाबांच्या नकळत झालेलं खाणं आहे. शाळा सुटली की एसटीच्या शहर बसचे पैसे वाचवायचे, शालिमारपासून घरापर्यंत तंगडतोड करायची, आणि वाचलेल्या पैशांत गाडीवरचा वडा. गाडीवाला कढईतून झाऱ्याने वडे काढून परातीत टाकायचा, पाव मधे चिरून त्याला लसणाची कोरडी चटणी लावायचा, वर तळलेली मिरची मीठ भुरभुरून द्यायचा. पेपरच्या तुकड्याला तेल सुटलेलं असायचं आणि बातमीची अक्षरं आरपार दिसायची. 'भाऊ, थोडा चुरा टाका ना,' असं म्हणायचं धाडस ज्याच्यात असेल तो टोळीचा म्होरक्या. घराच्या अलीकडे हात पँटला पुसायचे, तोंडात बडीशेप टाकायची आणि जेवायला बसल्यावर 'भूक नाही' म्हणून बोलणी खायची. आता सांगा, यात चवीचा वाटा किती? खिशातले स्वतःचे पैसे, सोबत दोस्त, आणि घरी कळलं तर धपाटा. हे सगळं त्या वड्यात होतं.

आणि तुमच्या मुलांना काय मिळालं? जेट लॅगमध्ये सकाळी उठवलं, गाडीत बसवलं, समोर ताट ठेवलं आणि चार मोठी माणसं तोंडाकडे बघत बसली, 'आवडली का? आवडली का?' अशा परीक्षेत मीही नापास झाले असते.

त्यातून आमची नाशिकची मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्रीचा थर. कोल्हापूरकर काहीही म्हणोत, पण नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्या भेटीत ती तशीच्या तशी द्यायची नसते. इथल्या मुलांनाही कुणी देत नाही. मटकीची उसळ आणि शेव एका वाटीत, रस्सा बाजूला, आणि दही भरपूर. मिसळीबरोबर दही देतात ते उगाच नाही. मिरचीतला झणका पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याचे ग्लास रिचवून तोंड आणखी पेटतं. दुधातलं प्रथिन त्याला धरून ठेवतं, म्हणून दह्याने लगेच उतार पडतो. जिथे मिसळीबरोबर जिलबी मिळते तिथे मुलं आधी जिलबीच खातील. खाऊ द्या.

आता बर्गरबद्दल. आपण मोठी माणसं ज्याला 'बाहेरचं अरबट-चरबट' म्हणतो, ते तुमच्या मुलांचं बालपण आहे. तिकडच्या टिम हॉर्टन्सचं, म्हणजे कॉफी-डोनटवाल्यांचं, पहिलं दुकान १९६४ साली ऑन्टारिओतल्या हॅमिल्टनला निघालं, एका आइस हॉकीपटूच्या नावाने. त्यांचे ते छोट्या चेंडूएवढे गोल डोनट, टिमबिट्स, १९७६ पासून मिळतात. पहाटे हॉकीचा सराव, बाहेर कडाक्याची थंडी, परतताना गाडीतला हीटर आणि मांडीवर टिमबिट्सचा खोका. तुमचा मुलगा चाळिशीत कुठल्यातरी तिसऱ्याच देशात असेल आणि अशा एका सकाळीसाठी तो हळवा होईल. तेव्हा त्याची बायको मला पत्र लिहील, मी असले तर. थोडक्यात, मुलांकडे गोड आठवणींचा दुष्काळ नाही. त्या फक्त तुमच्या नाहीत, आणि नवऱ्याला बोचतंय ते हेच. त्याला दुखावलंय मुलीने नव्हे. आपलं गाव पोरांच्या अंगात आपोआप उतरेल असा त्याचा समज होता, तो त्या टेबलावर खोटा ठरला. याबद्दल त्याच्याशी तुम्ही बोला, मुलांना मध्ये घेऊ नका. 'बाबांना वाईट वाटलं, खा एक घास' हे वाक्य तर कटाक्षाने टाळा. प्रेमापोटी मिसळ खायला लागली की ती औषधाच्या रांगेत जाऊन बसते.

राहिले सासरे. 'संस्कार' हा शब्द बर्गरसाठी जरा जड झाला, पण त्यांना उत्तर देत बसू नका. मुलांनाच त्यांच्याजवळ बसवा आणि विचारायला लावा, 'आजोबा, तुम्ही लहान असताना बाहेर काय खायचात?' आमच्याकडच्या त्या पिढीचं उत्तर बहुतेक काळारामाच्या रथयात्रेपासून सुरू होतं. चैत्रातली एकादशी, रथ ओढायला जमलेली गर्दी, गोडीशेव, रेवड्या, भेळभत्ता, बर्फाचा गोळा. मग हळूच चोरून खाल्लेलं काहीतरी बाहेर येईल. वडापावाचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेरच्या गाडीवर झाला असं सांगतात. म्हणजे सासरे सत्तरीच्या पुढचे असतील, तर त्यांच्या तारुण्यात वडापाव हे नवीन खूळ होतं, आणि त्यांच्या वडिलांनी त्याला नावं ठेवली असणार. पाव पोर्तुगीजांनी आणला, मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आली. कुणाचे संस्कार कुठून आले हे पाहायला गेलं तर जेवणच थंड होईल.

पुढच्या वर्षी काय कराल? मुलांना त्यांच्या चुलत-आत्ते भावंडांच्या ताब्यात द्या. मोठ्याच्या हातात दोनशे रुपये ठेवा आणि 'काय खाल्लं ते सांगू नका' म्हणून पाठवून द्या. ती पोरं त्यांना मिसळीला नेणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कॉलेज रोडला मोमोज, शॉरमा, चीज घातलेला कसलातरी सँडविच, नाहीतर चायनीज भेळ खाऊन येतील. नवऱ्याला ते बघून कसंतरी होईल, कारण तो ज्या नाशिकला भेटायला येतो ते नाशिक आता इथल्या पोरांनाही माहीत नाही. पण रिक्षावाल्याशी भाव करणं, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, पावसात आडोशाला उभं राहून एकाच प्लेटमध्ये चौघांनी हात घालणं, हे त्यांना मिळेल. त्यांच्या मनात नाशिक राहिलं तर ते अशानेच राहील.

मिसळीलाच न्यायचं असेल, तर गावाबाहेर मळ्यात चुलीवरची मिसळ मिळणारी ठिकाणं आता पुष्कळ झाली आहेत. झोपाळे असतात, मोकळं अंगण असतं, मुलं खेळतात. जुने खवय्ये त्यांना नाकं मुरडतात. मुरडू द्या. मुलं टेबलाला खिळून बसत नाहीत, हा या ठिकाणांचा मोठा गुण.

पोटाचं थोडं सांगते. आल्या आल्या पहिले काही दिवस पाणीपुरी, बर्फाचा गोळा, चिरून ठेवलेली फळं, ओली चटणी यांच्या वाटेला जाऊ नका. कढईतून समोर काढलेला वडा किंवा भजी त्यामानाने कितीतरी सुरक्षित. पाणी बाटलीचं किंवा उकळलेलं. जुलै म्हणजे इथे पावसाळा, त्यामुळे हे जरा जास्तच पाळा.

तिकडे घरी करायचं म्हणाल, तर मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधा आणि बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. तिकडच्या थंडीतही मोड येतात. पावासाठी सुपरमार्केटातले गोडसर बन आणू नका. तुमच्या भागात पोर्तुगीज वस्ती मोठी आहे, त्यांच्या बेकरीतले साधे पाव आणा. वरून जरा कडक असतात, पण रश्श्यात बुडवायला झकास. मसाला आणि चिवडा इथून न्या, आणि तिकडे उतरल्यावर विमानतळावर खाण्याचं सामान आहे असं सरळ सांगा. लपवलं तर दंड होऊ शकतो. युरोपात राहणाऱ्या वाचकांनी खवा, चक्का, पनीर बॅगेत भरूच नये. बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. आणि मिसळ केली त्या दिवशी मुलांना बर्गर हवा असेल, तर तो आणून द्या. एका टेबलावर दोन्ही राहू शकतं.

नवऱ्याचं शेवटी. पुढच्या वेळी पहिल्या रविवारी त्याला एकट्याला मोकळा सोडा. मुलं झोपलेली असू देत. शाळेतल्या दोस्तांना आदल्या रात्री फोन करायचा आणि सकाळी आठच्या आत पोहोचायचं. नऊनंतर रविवारी बऱ्याच ठिकाणी नंबर लावावा लागतो.