घरभेटीला निघण्याआधी

बाळा, चर्चचा पाळक झालास म्हणून पहिल्याच महिन्यात साऱ्या मंडळीची घरं पालथी घालू नकोस. विडी वळणाऱ्या बहिणीकडे गेलास तर मांडीवरचं सूप खाली ठेवायला लावू नकोस. १००० विड्यांवर तिची मजुरी ठरते. हात चालू असतानाच शेजारी बसून ऐक. प्रार्थना छोटी कर, पण लेकरांची नावं घेऊन कर. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी तर कुणाकडे जाऊच नकोस.

सोमवार मात्र सूनबाईचा आणि पोरांचा. फोन वाजला तरी. (मयत असेल तर गोष्ट वेगळी.) बायबलमधलं १ तीमथ्य ३:५ काढून वाच, पौलानं मंडळीच्या आधी घर धरलंय. माझी मुलगी चौथीत जाईपर्यंत मी तिच्या शाळेची पायरी चढलो नव्हतो. ते अजून सलतं.