एक मागवलं, दोन आले: दुसरं कुणाचं?

एका वाचक ताईंनी विचारलंय: "आम्ही अमेरिकेत असतो. मुलीसाठी एक टॅब्लेट मागवला, खोक्यात दोन निघाले. पैसे एकाचेच कापले गेलेत. नवरा म्हणतो, इथे कायदाच आहे, घरी आलेली वस्तू आपली. सासूबाई म्हणतात, आजच्या आज परत करा, परक्या मुलखात नसती भानगड नको. कुणाचं ऐकू?"

ताई, यजमान सांगतायत तो कायदा खरा आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही तो दर काही महिन्यांनी फिरत असतो. पण तो तुमच्या खोक्यासाठी केलेला नाही. काही विक्रेते कुणी न मागवलेला माल टपालाने घरोघर धाडायचे आणि मागाहून बिल पाठवून तगादा लावायचे. त्यांना चाप लावायला १९७० साली अमेरिकेत कायदा झाला: असा माल भेट समजा, वापरा किंवा फेकून द्या, एक पैसा देऊ नका. तुमच्या बाबतीत ऑर्डर तुमचीच, फक्त गोदामात कुणाची तरी मोजणी चुकली. अशा चुकीमुळे कंपनीचा वस्तूवरचा हक्क आपोआप सुटत नाही.

इतर देशांतल्या वाचकांसाठीही हेच. जर्मनीच्या नागरी संहितेतलं कलम २४१अ न मागवलेल्या मालापासून ग्राहकाला वाचवतं, पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की माल चुकून आलाय हे तुम्हाला कळत असेल, किंवा कळायला हवं होतं, तर पाठवणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो. ब्रिटनमध्येही चुकून आलेली वस्तू पाठवणाऱ्याचीच राहते. ऑस्ट्रेलियात न मागवलेला माल तीन महिन्यांनी तुमचा होतो, विक्रेत्याला लेखी कळवलंत तर एकाच महिन्यात. मात्र तो दुसऱ्या कुणासाठी होता हे उघड दिसत असेल तर ही सवलत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांची भीती मी समजू शकते, व्हिसावर राहणाऱ्या घरांत ती असतेच. पण त्या भीतीपोटी बरेच जण स्वतःच्या खिशातून कुरिअरचे पैसे भरून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. चूक कंपनीची, खर्चही कंपनीचाच. तुमचं काम एवढंच की त्यांना एकदा, लेखी कळवायचं. फोनवर नको, फोनवरचं बोलणं हवेत विरतं. ईमेल करा, किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर चॅट करून त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. मजकूर साधा असू दे: "ऑर्डर क्रमांक अमुक. मी एक नग मागवला, दोन मिळाले. जास्तीचा नग न वापरता ठेवला आहे. ३० दिवसांत तुमच्या खर्चाने परत न्या, किंवा त्याचं काय करायचं ते लेखी कळवा." माफी मागू नका, लांबण लावू नका. अशा प्रामाणिक चुकीसाठी अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनेही पूर्वी साधारण असाच मार्ग सुचवला होता.

मग बहुतेक दोनपैकी एक होतं. पैसे भरलेलं लेबल येतं. ते चिकटवून पार्सल द्यायचं आणि पोचपावती जपून ठेवायची, कारण "परत मिळालंच नाही" म्हणून तुमच्या साठवलेल्या कार्डावर पैसे लावले गेले तर बँकेकडे तक्रार करताना तीच कामाला येते. नाहीतर "ठेवून घ्या" असं उत्तर येतं. स्वस्त वस्तू परत आणून, तपासून पुन्हा फडताळावर ठेवणं कंपनीला महागात पडतं, म्हणून हे उत्तर वाटतं तितकं दुर्मीळ नाही. तोवर सील फोडू नका. आणि हो, सुट्टीत भारतात जाताना तो दुसरा टॅब्लेट भाच्यासाठी बॅगेत टाकू नका. मी हे का लिहितेय ते आपल्या लोकांना बरोबर कळेल.

पार्सल शेजाऱ्याचं असेल तर प्रश्नच नाही, त्याच्या दारात नेऊन द्या. आधीच्या भाडेकरूच्या नावाचं असेल तर न उघडता, पत्ता चुकल्याचं वर लिहून टपाल खात्याकडे परत. दुसऱ्याचं टपाल मुद्दाम उघडणं किंवा दडवणं हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे, त्यामुळे "आत काय आहे बघू तरी" हा मोह आवरा.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच खोक्यांची: नाव तुमचं, पत्ता तुमचा, पण ऑर्डर घरात कुणीच केलेली नाही. आत एखादी फुटकळ अंगठी किंवा फोनचं कव्हर निघालं, तर कुणीतरी तुमच्या नावाने खोटा रिव्ह्यू लिहायला ते पाठवलेलं असू शकतं. २०२० साली अमेरिकेत अनेकांच्या घरी बियांची अशीच पाकिटं आली, तेव्हा कृषी खात्याला "पेरू नका, आमच्याकडे द्या" असं सांगावं लागलं होतं. बिया सोडल्या तर अशी वस्तू ठेवली तरी चालते, पण ऑनलाइन खरेदीच्या खात्याचा पासवर्ड बदला, कार्डाचे व्यवहार तपासा आणि आतल्या चिठ्ठीवरचा क्यूआर कोड चुकूनही स्कॅन करू नका.

न मागवलेला महागडा फोन आला तर मात्र सावध व्हा. तुमच्या नावाने कुणीतरी फोन मागवतं, मग "आम्ही कंपनीतून बोलतोय, चुकून पाठवला गेला, या पत्त्यावर परत पाठवा" असा कॉल येतो, किंवा दारात कुरिअरचा म्हणवणारा माणूस उभा राहतो. फोन त्याच्या हाती गेला की बिल तुमच्या गळ्यात. कॉलवर सांगितलेल्या पत्त्यावर काहीही धाडू नका. कंपनीचा नंबर तिच्या वेबसाइटवरून किंवा जुन्या बिलावरून स्वतः शोधा, तुमच्या नावाने खातं उघडलंय का ते विचारा आणि वस्तू त्यांनी दिलेल्या लेबलानेच परत करा.

दिवसा घरी आई-बाबा किंवा सासू-सासरे असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. दारातल्या माणसाला पाणी विचारायची आपली सवय, त्यात इंग्रजीचा संकोच. "चुकून आलंय, द्या" म्हटलं की ते बिचारे देऊन टाकतात. पार्सल घ्यायला हरकत नाही, पण तुम्हाला फोन केल्याशिवाय कुणालाही परत द्यायचं नाही.