गॅस्ट्रिक बायपासनंतर वजन परत वाढले आहे, रिव्हिजन सर्जरी करावी का?

तुम्ही लिहिले आहे की सहा वर्षांपूर्वी तुमचा गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झाला, ११२ किलोंचे ६९ झाले, आता काटा ९१ वर आहे, सर्जन रिव्हिजन, म्हणजे त्याच शस्त्रक्रियेत बदल करणारे दुसरे ऑपरेशन, सुचवत आहेत आणि घरचे म्हणतात की चूक तुमचीच, तुमचे तोंड आवरत नाही. तुमचा प्रश्न शस्त्रक्रियेचा आहे, पण मी उत्तर लिहायला बसले ती तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे.

माझा बायपास २०१२ साली झाला. तेव्हा वजन ११८ किलो होते. दीड वर्षात मी ७२ वर आले आणि २०१९ उजाडेपर्यंत पुन्हा ९४ वर गेले. त्या वर्षी मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात, पंगतीत वाढप चालू असताना, थोरल्या जाऊबाई माझ्या पानाकडे पाहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, पोट कापून घेतलंस तरी तोंड काही आवरेना. एवढे लाख पाण्यातच गेले म्हणायचे." पानात एक जिलेबी होती आणि ती मी अजून उष्टावलीही नव्हती. बायपासनंतर एकदम गोड खाल्ले की मला दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते आणि आडवे व्हावे लागते, त्यामुळे ती जिलेबी मी खाणारच नव्हते. पण पंगतीत हे कोण कोणाला समजावून सांगणार? मी पानावर पाणी फिरवून उठले.

दुसऱ्याच आठवड्यात मी एका सर्जनकडे गेले. त्यांनी पोटावरून हात फिरवला, वजन पाहिले आणि सांगितले की पाऊच, म्हणजे जठराची ती छोटी पिशवी, ताणला गेला आहे, तो परत लहान करू आणि आतड्याचा जोडही आणखी खाली नेऊ. एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून पाहणे) नाही, रक्ताची तपासणी नाही, जुने कागद पाहणे नाही. बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली आणि मी पंचवीस हजार रुपये आगाऊ भरले. त्यांचे बोलणे मला मनापासून आवडले होते, हे मी आज कबूल करते. पाऊच ताणला गेला असेल तर दोष पिशवीचा ठरत होता, माझा नव्हे, आणि जाऊबाईंना तोंडावर सांगण्यासारखे काहीतरी माझ्या हाती येत होते. म्हणजे मी जाऊबाईंना उत्तर द्यायला पुन्हा टेबलावर चढणार होते.

कॉलेजातल्या एका सहकारी बाईंनी हट्टाने मला पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी २०१२ ची ऑपरेशन नोट मागितली. ती मिळवायला मला जुन्या इस्पितळात तीन खेपा घालाव्या लागल्या, पण पिशवी किती ठेवली होती आणि आतड्याचा कोणता भाग किती लांबीचा होता, हे त्या एका कागदाखेरीज कोणीही सांगू शकत नाही. मग त्यांनी चौदा दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वेळेसह वहीत लिहायला सांगितली.

ती वही मी अजून जपून ठेवली आहे. दिवस बारावीच्या पुरवणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे होते. एका पानावर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत सात वेळा अर्धा कप चहा आहे, प्रत्येक चहाबरोबर दोन मारी बिस्किटे किंवा एक खारी आहे, आणि दुपारी गठ्ठ्याशेजारी ठेवलेल्या वाटीतला चिवडा तीनदा आहे. भाकरी चौदा दिवसांत एकदाच आली आहे, कारण भाकरी आणि मटण माझ्या घशाखाली अडकल्यासारखे व्हायचे आणि चहात बुडवलेली खारी मात्र सरळ उतरायची. जेवण मी खरोखरच मुठीएवढे जेवत होते. वजन त्या जेवणाने वाढतच नव्हते, ते दोन जेवणांच्या मधल्या वेळात वाढत होते.

पण खारी इतक्यांदा का लागत होती, हे एंडोस्कोपीने दाखवले. पिशवी ठेवली होती तेवढीच होती. आतड्याशी असलेला तिचा जोडही रुंदावलेला नव्हता. जोडाच्या किंचित खाली, आतड्याच्या बाजूला, पांढुरका तळ आणि लालभडक कडा असलेला एक अल्सर होता. डॉक्टरांनी विचारले, "गुडघ्यांसाठी काय घेता?" मी दोन वर्षे औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेत होते. बायपास झालेल्या माणसाने असली वेदनाशामके घेऊ नयेत हे माझ्या डिस्चार्ज कार्डावर छापलेले होते, मी ते तेव्हा वाचलेही होते आणि गुडघे दुखू लागेपर्यंत विसरूनही गेले होते. पोटात दर दोन तासांनी जे कुरतडल्यासारखे व्हायचे त्याला मी भूक समजत होते आणि बिस्किटाने ते तेवढ्यापुरते शमत होते. त्या अल्सरसकट त्याच जागी पुन्हा सुरी लागली असती तर काय झाले असते, याचा विचार मला आजही करवत नाही.

पुढे ढकललेली शस्त्रक्रियेची तारीख मी कायमची रद्द केली. आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. वेदनाशामके बंद झाली, आम्ल कमी करणारी कॅप्सूल उघडून आतले दाणे घ्यायला सांगितले, आणि चार महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी केली तेव्हा अल्सर भरलेला होता. बी-१२ आणि लोह तळाला गेले होते, ते भरून काढले. दीड वर्षात वजन ८४ वर आले आणि तिथेच राहिले. ७२ परत आले नाही आणि आता मी त्याची वाटही पाहत नाही.

कारण मूळ गणितच लोकांना ठाऊक नसते. स्वीडनमध्ये बायपासच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आहे. त्यात सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्के घट होती आणि दहा वर्षांनी ती २५ टक्के राहिली होती. ११८ किलोंच्या माणसाला हा फरक साधारण आठ किलोंचा होतो. म्हणजे माझ्या बावीस किलोंपैकी साधारण एक तृतीयांश भाग शरीराने स्वतःहून परत घेतला असता, जिलेबी खाल्ली असती तरी आणि नसती तरी. तुमच्या घरच्यांना हे जरूर सांगा.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. ज्या सर्जनने एंडोस्कोपी न करता रिव्हिजनची तारीख दिली त्याच्याकडे परत जाऊ नका. पिशवी आणि बाजूला ठेवलेले उरलेले जुने जठर यांच्यामध्ये वाट तयार झालेली आढळली तर शस्त्रक्रियेला खरे कारण आहे. नुसता जोड रुंदावला असेल तर तो एंडोस्कोपीतूनच टाके घालून लहान करता येतो, पोट उघडावे लागत नाही. आतड्याचा जोड खाली नेण्याने वजन उतरते, पण त्याबरोबर प्रथिनेही हातची जातात, पायांना सूज येते, जुलाब लागतात आणि काहींना ते पुन्हा मागे फिरवून घ्यावे लागते, म्हणून त्या पर्यायाला सहजासहजी होकार देऊ नका. आधीच चिकटलेल्या पोटात दुसऱ्यांदा हात घालणे पहिल्या वेळेपेक्षा जास्त जोखमीचे असते, हे तुमच्या सर्जनने स्वतःहून सांगायला हवे. विम्याचेही आधी पाहा, कारण लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक पॉलिसी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) ४०, किंवा गंभीर मधुमेह, हृदयविकार अथवा स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडखळणे) यांसह ३५, अशी अट घालतात आणि ९१ किलोंवर तुम्ही कदाचित तिच्यात बसणारही नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही आठवड्याची इंजेक्शने वजनासाठी आपल्याकडे २०२५ साली आली. माझ्या वेळी ती नव्हती, तुमच्या वेळी आहेत, तेव्हा सुरीआधी त्यांच्याबद्दल विचारा. मात्र ती बंद केली की वजन बहुधा परत चढते.

हे सारे मी शिक्षिका म्हणून लिहीत आहे, डॉक्टर म्हणून नव्हे. तुमचा बायपास 'मिनी' प्रकारचा, म्हणजे आतड्याचा एकच जोड असलेला, असेल तर पित्त वर येण्याचा प्रश्न वेगळा असतो आणि तेवढ्यासाठीही रिव्हिजन योग्य ठरू शकते. मधुमेह परतला असेल तर माझ्यासारखे दीड वर्ष सावकाश वजन उतरवत बसणे तुम्हाला परवडणारे नाही. आणि अचानक पोटात जोराची कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर उत्तरे वाचत बसू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा, कारण बायपासनंतर आतडे आतल्या आत अडकू शकते.

एंडोस्कोपीला जाल तेव्हा घरातल्या त्या बोलणाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि रिपोर्ट समजावून सांगितला जात असताना खुर्चीत शेजारी बसवा. मी ते केले नाही. जाऊबाईंनी माझा रिपोर्ट आजवर पाहिलेला नाही आणि त्या वहीतली खारीची पानेही पाहिलेली नाहीत. दोन्ही दाखवायला हवे होते.