तुळस दर उन्हाळ्यात वाळते, हा अपशकुन समजायचा का?

तुम्ही विचारलंय की विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाल्कनीतली तुळस सलग तिसऱ्या उन्हाळ्यात वाळली. सासूबाई म्हणतात, घरावर काहीतरी येणार. हे खरं का? आणि आता राम तुळस लावू की कृष्ण?

खरं नाही. सोलापूर, मे महिना आणि पश्चिमेची बाल्कनी. वाळली नसती तर नवल.

इथंच थांबायला हवं होतं. पण तुमचा प्रश्न वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली माझी, म्हणून सविस्तर लिहिते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा अशोक चौकाच्या पुढं दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. हे एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचे. (आमच्याकडं मागाच्या शेडला कारखानाच म्हणतात, चार माग असले तरी.) दारात सासूबाईंची तुळस होती. त्यांचे गुडघे गेल्यापासून तिला पाणी घालायचं काम माझ्या पोरीकडं. पोरगी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि त्याच एप्रिलमध्ये तिला पहिल्यांदा पाळी आली. मी तिला कापड-पॅडचं, पोटदुखीचं सगळं सांगितलं. तुळशीला शिवू नकोस असं काही सांगितलं नाही. मुद्दाम नाही, सुचलंच नाही. माझ्या आईनं मला कधी बाजूला बसवलं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तुळशीची पानं गळायला लागली. पंधरा दिवसांत नुसत्या काड्या. आणि त्याच पंधरवड्यात ह्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. सुताचे भाव चढले होते, एक मोठी ऑर्डर हातची गेली होती, मालकानं दोन महिने आधीच सूतोवाच केलं होतं. पण हे सगळं कोण लक्षात ठेवतं? सुट्टीला वन्सं आल्या, दारात चपला काढता काढताच त्यांचं लक्ष कुंडीकडं गेलं. आत येऊन पाणीसुद्धा न पिता विचारलं, "हिला पाणी कोण घालत होतं?"

पोरगी म्हणाली, मी.

"अडचणीत पण?"

खोलीत सासूबाई होत्या, हे होते, वन्संचा मोठा मुलगा होता. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी तोंड उघडायच्या आत वन्संनी हिशेब मांडून दाखवला: तुळस जळाली, दादाची नोकरी गेली. झालं. हे पेपर वाचत होते. पेपर त्यांनी खाली घेतला नाही, एवढं मला आजही दिसतं. पोरगी उठून मोरीत गेली आणि आतून कडी घातली.

आमच्या शेजारी एक पद्मशाली अक्का राहायच्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन दारात विड्या वळत बसायच्या, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं त्यांना आपोआप ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कुंडी कचऱ्यात टाकायला निघाले, तर म्हणाल्या, "काय करलालीस ग? आधी उलटी तर कर."

अक्कांच्याच दारात वर्तमानपत्र अंथरून कुंडी आडवी केली आणि बुडाला दगडानं दोन ठोके दिले. मातीचा आख्खा गोळा सुटून आला, कुंडीच्याच आकाराचा. वरचा दोन बोटं जाडीचा थर निराळाच होता, हळदीकुंकवाचा, तांबूस-पिवळा, फरशीसारखा घट्ट. त्यात अगरबत्तीच्या काड्या, तेलानं माखलेल्या वाती, अक्षता आणि एक रुपयाचं नाणं रुतून बसलेलं. नखानं खरवडलं तर आंबूस वास आला, सासूबाई रोज चमचाभर दूध घालायच्या त्याचा. कडेनं बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार. खाली शुद्ध काळी माती, वाळून कुंडीपासून सुटलेली, चांगली बोटभर फट. म्हणजे पोरगी तांब्याभर पाणी घालायची ते फटीतनं सरळ बुडाच्या भोकातनं बाहेर. पाणी ओघळलेलं दिसायचं, मुळांना थेंब नाही. मूळ चिमटीत धरलं तर साल निघून हातात आली.

पोरीला हाक मारून दाखवलं. ती काही बोलली नाही. रुपयाचं नाणं तेवढं उचलून धुतलं.

पाऊस पडल्यावर मी नवं रोप आणलं आणि लावलं ते मुद्दाम माझ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी. कुणाला सांगितलं नाही. पोरगी मात्र जवळ यायला तयार नव्हती. श्रावणापर्यंत मी एकटीच पाणी घालत होते आणि आमचे ते दिवस आले की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनानं बारीक टिंब काढत होते. टिंबं वाढली, तुळसही वाढली. गणपतीच्या सुमारास एकदा ती टिंबं पोरीला मोजायला लावली आणि हाताला धरून कुंडीपाशी नेलं. त्या दिवशी तिनं पाणी घातलं. कॅलेंडरवर त्या तारखेला टिंब आहे. ते पान अजून माझ्या ट्रंकेत आहे.

दिवाळीला वन्सं आल्या तेव्हा तुळस माझ्या कमरेला लागत होती. मी त्यांना कॅलेंडर दाखवलं. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "तुझी श्रद्धाच नाही, म्हणून तुला लागत नाही."

आता सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? मी तेव्हा चकलीच्या सोऱ्याला हात घातला आणि गप्प बसले. उत्तर मला दुसऱ्या वर्षी आषाढात सुचलं, ते आज इथं लिहून टाकते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आळंदीहून निघालेल्या बाया अठरा-वीस दिवस डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. हजारोंनी असतात. त्यातल्या कितीजणींना वाटेत पाळी येत असेल? पाच दिवस झाडाखाली बसून मागनं एसटीनं येतात काय त्या? त्यांची तुळस पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीपर्यंत हिरवी राहते आणि ती ज्याच्यासाठी आणलेली, तो विटेवरचा काही तक्रार करत नाही. विटाळ कुणाला म्हणायचं हे मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात अभंगातून विचारून ठेवलंय. आपण अजून कुंडीपाशी अडलोय.

मी नास्तिक वगैरे नाही हो. संध्याकाळी दिवा लावते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांना हात जोडते, कार्तिकात तुळशीचं लग्न ऊस, आवळे, चिंचा आणून व्यवस्थित लावते. रविवारी तुळशीचं पान तोडत नाही. का, ते विचारू नका, मला पटवून देता येणार नाही. पण ते माझं मी पाळते, पोरीच्या डोक्यावर ठेवत नाही.

बरं, तुमच्या बाल्कनीचं. नुसती काळी माती घालू नका, वाळली की आक्रसते आणि वर सांगितलं तशी फट पडते. माती, वाळू आणि जुनं शेणखत साधारण सारखं घ्या. कुंडी मातीची, बारा इंचांची. खाली दोन विटा ठेवा, कारण शहाबादी फरशी दुपारी अशी तापते की पाय ठेववत नाही, मग मुळांचं काय. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की बारानंतरच्या उन्हाला हिरवी जाळी हवीच, पन्नास टक्केवाली मिळते ती. पाणी सकाळी लवकर. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून बोअरचं घातलं जातं, माहीत आहे मला. तरी तुळशीपुरती एक बादली नळाची राखून ठेवा. मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडा. बी धरलं की झाड म्हातारं होतं.

आणि माझी युक्ती: शेंगाचटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं टाकू नका. कुंडीत मातीवर दोन बोटं थर द्या, खोडाला न टेकवता. ओल टिकते. खाऱ्या शेंगांची टरफलं मात्र नकोत आणि घरात वाळवी असेल तर हा उद्योगच नको. हळदकुंकू, दूध, तेल ह्या सगळ्यासाठी कुंडीच्या पुढं एक ताटली ठेवा. सासूबाईंना सांगा, पूजा ताटलीत. माझ्या सासूबाईंनी हे एका दिवसात मान्य केलं. त्यांचा कधी वाद नव्हताच, वाद वन्संचा.

हे सगळं करूनही तुळस दोन-तीन वर्षांत जाते, हे आधीच लिहायला हवं होतं. खोड लाकडासारखं होतं आणि एक दिवस संपते. त्या कमरेएवढ्या तुळशीचंही तेच झालं, तिसऱ्या वर्षी, थंडीत. त्या महिन्यात आमच्यावर काही आलं नाही. उलट ह्यांना दुसरीकडं कायमची नोकरी लागली, पण ती तुळशीमुळे लागली असं वन्संनी अजून म्हटलेलं नाही. एखादी मंजिरी तेवढी वाळू देऊन बी धरून ठेवा, दरवर्षी पावसाळ्यात दोन रोपं जादा तयार करा. आणि तुमच्या सासूबाई वयानं फार असतील तर माझ्यासारखं कॅलेंडर दाखवत बसू नका, गुपचूप नवं रोप लावून मोकळ्या व्हा.

राम की कृष्ण? माझ्याकडं दोन्ही आहेत आणि उन्हात दोन्ही सारख्याच माना टाकतात. सासूबाईंना विचारा, त्यांच्या माहेरी कोणती होती. ती लावा.